वाचनक्रमाचा प्रश्न : ‘चंद्रकांता’, ‘संतति’ आणि ‘भूतनाथ’

दीर्घ कथामालेकडे वळणारा नवा वाचक जाणत्या वाचकास जो पहिला प्रश्न विचारतो, तो कथेच्या गुणवत्तेविषयीचा नसतो. आरंभ कोठून करावा, हा असतो. मांगा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जपानी चित्रकथा आणि अॅनिमे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चलच्चित्रमालिका यांच्या तरुण रसिकांत हा प्रश्न आज मोठ्या हिरीरीने चर्चिला जातो. मूळ मालिका आधी पाहावी की तिची पूर्वकथा? कृती ज्या क्रमाने प्रसिद्ध झाल्या तो क्रम पाळावा, की त्यांतील घटना ज्या क्रमाने घडल्या तो? मागाहून दुसऱ्या हाताने जोडलेला भाग मुख्य कथेत धरावा की नाही? विद्वानांच्या सभेत हे प्रश्न सहसा येत नाहीत. ‘पुढे काय झाले’ एवढ्याच कुतूहलावर जगणाऱ्या वाचकाचे ते प्रश्न आहेत, अशी समजूत त्यामागे असते. ही समजूत तपासून पाहण्यासारखी आहे. आणि ती तपासण्यासाठी प्रथम जपानपर्यंत जाण्याचे कारण नाही. हेच तिन्ही प्रश्न शंभराहून अधिक वर्षांपूर्वी काशीत निर्माण झाले होते. ते निर्माण करणारा लेखक हिंदी कादंबरीच्या इतिहासात अग्रभागी असूनही तिच्या समीक्षेत मात्र उंबरठ्याबाहेरच उभा राहिला. तो लेखक म्हणजे बाबू देवकीनंदन खत्री.

खत्रींचा जन्म १८६१ मध्ये बिहारात झाला, पण त्यांचे वाङ्मयीन कर्तृत्व काशीचे. काशीनरेशांच्या मुलखातील चकिया आणि नौगढ येथील जंगलांचा ठेका त्यांच्याकडे होता. त्या निमित्ताने रानांतून, दऱ्यांतून आणि पडक्या गढ्यांतून त्यांची जी भ्रमंती झाली, तिनेच पुढे त्यांच्या कादंबऱ्यांना भूमी पुरविली. नौगढ, विजयगढ, चुनार, रोहतासगढ ही त्यांच्या कथेतील स्थळे कल्पित नाहीत. काशीहून निघालेल्या प्रवाशास ती आजही पाहता येतात. या खऱ्या भूमीवर त्यांनी ‘तिलिस्म’ उभे केले. तिलिस्म म्हणजे यंत्रे, भुयारे व गुप्त द्वारे यांनी रचलेले असे स्थान, की ज्याचा भेद नेमलेल्या व्यक्तीनेच करावयाचा असतो. त्याच्या जोडीला आले ‘ऐयार’ : वेषांतर, हेरगिरी, बेशुद्धीची पूड आणि शुद्धीवर आणणारा लखलखा यांत निष्णात असलेले राजदरबारचे चतुर स्त्री-पुरुष. ही सामग्री दास्तानांच्या परंपरेतून आलेली आहे. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने ‘तिलिस्म-ए-होशरुबा’ १८८३ पासून प्रसिद्ध करावयास आरंभ केला होता. अमीर हमझाच्या महादास्तानात होशरुबाचे स्थान पाचव्या दफ्तराचे. मुद्रणात मात्र तो आधीच्या काही दफ्तरांच्या अगोदर वाचकांपुढे आला. कथेतील क्रम आणि प्रसिद्धीचा क्रम यांची फारकत खत्रींना जणू वारशातच मिळाली होती.

खत्रींची मालिका तीन कृतींची आहे. १८८८ च्या सुमारास लिहिलेली ‘चंद्रकांता’ चार भागांची. नौगढचा राजकुमार वीरेंद्रसिंह व विजयगढची राजकन्या चंद्रकांता यांच्या प्रेमाची ही कथा विवाहापाशी संपते आणि स्वतःपुरती पूर्ण आहे. ‘चंद्रकांता संतति’ चोवीस भागांची; १८९४ ते १९०५ हा तिचा काल सामान्यतः मानला जातो. वीरेंद्रसिंहाचे पुत्र इंद्रजितसिंह व आनंदसिंह हे तिचे नायक आहेत. तिसरी ‘भूतनाथ’. ती १९०७ पासून निघू लागली. घटनाक्रमाने पाहिले तर ती संततीच्या मागे जाते. संततीतील भूतनाथ नावाच्या ऐयाराचे पूर्वायुष्य तिच्यात सांगितले आहे. तिचे सहा भाग लिहून झाल्यावर १९१३ मध्ये खत्रींचे निधन झाले. उरलेले पंधरा भाग त्यांचे पुत्र दुर्गाप्रसाद खत्री यांनी लिहिले. हे सर्व वाङ्मय लहान लहान भागांनी बाहेर पडत असे, आणि १८९८ पासून खत्रींचा स्वतःचा लहरी प्रेस त्याच्या दिमतीस होता. मराठीत याच दशकात हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ने (१८९०) वाचकांना पुढील अंकाची वाट पाहावयास शिकविले. वाट पाहणे हा अशा वाचनाचा बाहेरचा अपघात नव्हे; तो त्याच्या घाटाचाच भाग आहे.

रशियन रूपवादी समीक्षकांनी घडलेल्या गोष्टीचा क्रम आणि सांगितलेल्या गोष्टीचा क्रम यांत भेद केला, तो आता सर्वपरिचित आहे. भारतीय वाचकास तो शिकविण्याची गरज नव्हती. महाभारताचा आरंभ नैमिषारण्यात होतो, आणि कौरव-पांडवांचे युद्ध त्या वेळी केव्हाच इतिहासजमा झालेले असते. घटनाक्रम आणि निवेदनक्रम असे दोन क्रम एका ग्रंथात नांदू शकतात, याविषयी दुमत नाही. खत्रींच्या मालिकेतील अडचण वेगळी आहे. येथे हे दोन क्रम एका ग्रंथाच्या बांधणीत राहिलेले नाहीत. ते निरनिराळ्या ग्रंथांत विभागले गेले आहेत. परिणामी निवड वाचकाच्या हाती आली आहे. ‘भूतनाथ’ आधी वाचण्यास त्याला कोणी रोखू शकत नाही. कालगणनेचा आधार घेऊन तो म्हणू शकतो की, जे आधी घडले ते आधी वाचणे हेच सरळ होय. हा सरळपणा कितपत खरा आहे, हे पाहण्यासाठी भूतनाथ या पात्राकडेच वळले पाहिजे.

संततीत भूतनाथ येतो तो एक कुशल पण भ्यालेला मनुष्य म्हणून. त्याची बुद्धी, धाडस, प्रसंगावधान यांचा प्रत्यय वाचकास वारंवार येतो. पण एखादे जुने नाव उच्चारले गेले, एखादे जुने हस्ताक्षर पुढे आले, की त्याचा चेहरा उतरतो. तो पूर्वी गदाधरसिंह होता, आणि त्या नावाखाली त्याच्या हातून असे काही घडले आहे की जे त्याला विसरता येत नाही व सांगताही येत नाही. जुन्या पत्रांचे एक गाठोडे त्याच्या आयुष्याचा पाठलाग करीत राहते. अखेर वीरेंद्रसिंहाच्या दरबारात त्याचा मुकदमा उभा राहतो, पुढे ढकलला जातो, पुन्हा सुरू होतो. खत्री आपल्या प्रकरणांना ‘बयान’ म्हणतात. हा शब्द दास्तानांतून आला असला तरी कचेरीतील जबानीचा त्याचा अर्थ या भागांत आपोआप जागा होतो. वाचक येथे न्यायाधीशाच्या शेजारी बसलेला असतो. एकेक जबानी ऐकावी, तिच्यावर विश्वास ठेवावा, पुढील जबानीने तो डळमळावा, असा हा व्यापार आहे. महत्त्वाची गोष्ट ही की, वाचकास भूतनाथाची भीती आधी कळते आणि त्याचा अपराध नंतर. अपराध कळण्यापूर्वीच त्याच्या पश्चात्तापाशी वाचकाचे नाते जडलेले असते. म्हणून त्याला अखेर जी क्षमा मिळते, ती केवळ राजाची कृपा वाटत नाही. वाचकानेही ती मनोमन देऊन टाकलेली असते.

आता ‘भूतनाथ’ आधी वाचला असे समजावे. त्यात वाचक न्यायाधीश राहत नाही. तो प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होतो. गदाधरसिंहावर आपला मित्र दयाराम याच्या मृत्यूचा कलंक कसा येतो, दयारामाच्या पत्नी जमना आणि सरस्वती सूडास कशा प्रवृत्त होतात, एक कृत्य लपविण्यासाठी दुसरे आणि दुसरे लपविण्यासाठी तिसरे कसे करावे लागते, हे सारे त्याच्या डोळ्यांदेखत घडते. ही एका माणसाच्या घसरणीची कथा आहे, आणि तिच्यात स्वतःचे असे बळही आहे. परंतु तेथून संततीकडे येणारा वाचक भूतनाथाच्या भीतीकडे कुतूहलाने पाहू शकत नाही. तिचे कारण त्याला ठाऊक असते. जेथे खत्रींनी प्रश्न ठेवला तेथे त्याला उत्तर दिसते, आणि जेथे त्यांनी मौन पाळले तेथे त्याला केवळ चालढकल दिसते. रहस्य गेले एवढेच येथे घडत नाही. रहस्याचा लोप ही तुलनेने लहान हानी आहे. खरी हानी अशी की, न्यायाचे स्वरूपच पालटते. संततीत दोष म्हणजे स्मृतीत सलणारी गोष्ट असते. क्रम उलटला की तोच दोष नोंद झालेला गुन्हा बनतो. एकच पात्र, तीच कृत्ये, तेच शब्द. परंतु वाचनक्रम बदलताच नैतिक निवाडा बदलतो. ज्या प्रश्नामुळे निवाडा बदलतो, तो प्रश्न पोरकट कसा म्हणावा?

या मतावर एक सबळ आक्षेप घेता येईल. पूर्वज्ञान हे नेहमीच रसभंग करते असे नाही. ग्रीक शोकान्तिकेच्या प्रेक्षकास राजाचे भवितव्य ठाऊक असे, आणि त्यामुळेच रंगभूमीवरील प्रत्येक शब्दास दुहेरी धार येई. मग संततीच्या वाचकास भूतनाथाचे पूर्वायुष्य ठाऊक असले तर बिघडले कोठे? या आक्षेपाचे उत्तर कृतीच्या बाहेर शोधून मिळणार नाही. प्रत्येक कृती आपल्या वाचकाजवळ काही ज्ञान गृहीत धरते आणि काही अज्ञान गृहीत धरते. शोकान्तिकेचा कवी प्रेक्षकाचे ज्ञान गृहीत धरून लिहितो; संततीचा लेखक वाचकाचे अज्ञान गृहीत धरून लिहितो. जमानियाचा राजा गोपालसिंह मृत समजला जातो; तो जिवंत असून कैदेत आहे, हे मालिका बरीच पुढे गेल्यावर उघड होते. तोवरच्या कितीतरी बयानांची बांधणी त्या न कळण्यावर उभी आहे. उलट ‘भूतनाथ’ वाचकाचे ज्ञान गृहीत धरतो. जमानियातील कारस्थानांची मुळे त्यात दाखविली आहेत, पण त्यांची फळे कोणती हे वाचकास ठाऊक आहे असे समजून. एखादे नाव तेथे प्रथम येते तेव्हा जाणत्या वाचकाच्या मनात त्या माणसाचा पुढील सारा इतिहास उभा राहतो. अजाण वाचकास ते आणखी एक नाव असते. तेव्हा क्रमाचा निर्णय कालगणनेने करावयाचा नसून कृतीने गृहीत धरलेल्या ज्ञानाने करावयाचा आहे. ही कसोटी वापरली की पूर्वकथेचे वाचन नंतर का करावे, हे आपोआप स्पष्ट होते. पूर्वकथा ही कालाने पूर्वीची, पण अर्थाने नंतरची असते.

ही कसोटी काशीपुरती नाही. जपानमधील ज्या वादाचा आरंभी उल्लेख केला, त्यातील एक प्रसिद्ध उदाहरण ‘फेट’ या मालिकेचे आहे. नासू किनोको यांच्या लेखनावर आधारलेली ‘फेट/स्टे नाईट’ ही दृश्यकादंबरी संगणकावरील खेळाच्या रूपात २००४ मध्ये आली. तिच्यातील घटनांच्या दहा वर्षे आधीचा संघर्ष सांगणारी ‘फेट/झीरो’ ही कादंबरी उरोबुची गेन या दुसऱ्या लेखकाने २००६–०७ मध्ये लिहिली, आणि २०११–१२ मध्ये तिची चित्रमालिका झाली. तेव्हापासून रसिकांत दोन पक्ष आहेत. झीरो आधी घडते म्हणून आधी पाहावी, असे एक पक्ष म्हणतो. मूळ कृतीने जपलेली रहस्ये झीरो उघडी करते, म्हणून ती मागाहून पाहावी, असे दुसरा. भूतनाथाचा आणि या मालिकेचा प्रश्न तंतोतंत एक आहे. हात बदलण्याचा योगही दोन्हीकडे आला आहे. मूळ कृतीचा शेवट जाणणाऱ्यांसाठी लिहिलेली पूर्वकथा अटळतेच्या भावनेवर उभी असते. ज्याला शेवट ठाऊक नाही त्याला ती अटळता जाणवणार कोठून?

कधी कधी कर्ताच दोन क्रम देतो. तानिगावा नागारू यांच्या कथांवरील ‘सुझुमिया हारुही’ ही मालिका २००६ मध्ये प्रथम प्रक्षेपित झाली, तेव्हा तिचे चौदा भाग घटनाक्रम मोडून दाखविले गेले आणि पहिल्या कथेचा उत्कर्षबिंदू अगदी अखेरच्या भागासाठी राखून ठेवला गेला. २००९ मध्ये नव्या भागांसह तीच मालिका घटनाक्रमाने दाखविण्यात आली. तेव्हा तो उत्कर्षबिंदू सहाव्या भागातच येऊन गेला. भाग तेच होते, पण पहिल्या मांडणीत जे शिखर होते ते दुसऱ्या मांडणीत वाटेतला एक चढ झाले. दोन्ही मांडण्या अधिकृत आहेत, म्हणून दोन्ही समान आहेत असे मात्र म्हणता येणार नाही. त्या दोन निराळ्या कृती आहेत, आणि समीक्षकाने त्यांचा विचार निराळा केला पाहिजे.

खत्रींच्या बाबतीत क्रमाचे आणखी एक कारण आहे, आणि ते भाषेशी निगडित आहे. ‘चंद्रकांता’ वाचण्यासाठी कित्येकांनी हिंदी शिकून घेतली, हे हिंदी वाङ्मयाच्या इतिहासकारांनी नोंदविले आहे. खत्रींनी स्वतः आपल्या भाषेविषयी जे म्हटले आहे त्याचा आशय असा की, आरंभी त्यांनी वाचकांच्या ओळखीचे सोपे शब्द योजले आणि पुढे हळूहळू हिंदीचे अधिक संस्कृत वळण आणले; पहिल्या व शेवटच्या भागांतील भाषा ताडून पाहिल्यास हा फरक दिसावा. म्हणजे ही मालिका केवळ कथेचा क्रम नव्हे, तर शिक्षणाचाही क्रम आहे. ज्या काशीत १८९३ मध्ये नागरी प्रचारिणी सभा स्थापन झाली, त्याच काशीत त्याच वर्षांत एक कादंबरीकार सभेविना व शब्दकोशाविना वाचकाला पायरीपायरीने नेत होता. अनुवादकाने याची विशेष दखल घेतली पाहिजे. ‘चंद्रकांता’ आणि ‘संतति’ एकाच प्रौढ, सारख्या मापाच्या मराठीत आणल्या तर कथा पोहोचेल, पण तो चढ पोहोचणार नाही.

राहिला दुसऱ्या हाताचा प्रश्न. दुर्गाप्रसादांनी लिहिलेले पंधरा भाग ‘भूतनाथ’च मानावेत की नाही? त्यांनी पुढे ‘रोहतासमठ’ लिहून या विश्वाचा आणखी विस्तार केला. शुद्धतेचा आग्रह धरणारा वाचक सहाव्या भागापाशी थांबेल. परंतु भारतीय परंपरेचा याबाबतचा अनुभव विचारात घ्यावा. मराठीने या वाङ्मयप्रकाराला जे नाव दिले ते बाणभट्टाच्या ‘कादंबरी’वरून, आणि ती ‘कादंबरी’ पित्याने अपुरी ठेवलेली व पुत्राने पुरी केलेली आहे. एकनाथांचे ‘भावार्थ रामायण’ युद्धकांडात थांबले आणि त्यांचा शिष्य गावबा याने ते पूर्ण केले. भाविकांनी ग्रंथ एकच मानला. अभ्यासकांनी सांधा कोठे आहे हे दाखविले. दोन्ही कृत्ये योग्यच होती. सांधा दाखविणे म्हणजे ग्रंथ मोडणे नव्हे. ‘भूतनाथ’च्या आवृत्तीतही सहाव्या भागानंतर लेखक बदलतो हे स्पष्ट नोंदविले जावे, आणि वाचकाने पुढे खुशाल जावे. पुत्राच्या भागांत गुंतागुंत वाढली आहे की मनुष्यस्वभावाचे दर्शन वाढले आहे, हा निर्णय मग त्याला डोळसपणे करता येईल.

आचार्य रामचंद्र शुक्ल हे काशी हिंदू विश्वविद्यालयाचे अध्यापक. त्यांनी आपल्या १९२९ च्या इतिहासात खत्रींचे मूल्यमापन केले, तेच पुढे रूढ झाले. वाचकवर्ग निर्माण करण्याचे श्रेय त्यांनी खत्रींना मुक्तकंठाने दिले; पण घटनांचे वैचित्र्य हेच लक्ष्य असल्यामुळे, रस, भाव व चरित्रचित्रण यांच्या अभावी, या कादंबऱ्यांना त्यांनी साहित्याच्या कोटीत घेतले नाही. शुक्लांचा निकष उच्च आहे आणि ‘चंद्रकांता’पुरता तो बराचसा लागूही पडतो. क्रूरसिंहाचे नावच त्याचे चरित्र सांगून टाकते. तेथे अधिक शोधण्यासारखे फारसे नाही. परंतु संततीतील भूतनाथाला हा निकष पुरत नाही. या कादंबऱ्यांत चरित्र वर्णनातून येत नाही, संवादातून थोडे येते, आणि मुख्यतः ते कोणती माहिती वाचकास केव्हा मिळते यातून घडते. घटनांची रचना आणि चरित्रचित्रण या दोन निराळ्या गोष्टी मानल्या की भूतनाथ दिसेनासा होतो. तो दिसतो तो क्रमाच्या खिडकीतूनच.

येथे गंगेपलीकडील रामनगरचे उदाहरण उपयोगी पडेल. ज्या संस्थानाच्या जंगलांनी खत्रींना भूमी दिली, त्याच संस्थानाच्या आश्रयाने वाढलेली रामलीला तेथे एकतीस दिवस चालते. अयोध्या, जनकपूर, लंका यांची स्थळे गावात ठरलेली आहेत आणि लीलेबरोबर प्रेक्षकही एका स्थळाकडून दुसऱ्याकडे जातात. ‘नेमी’ म्हणून ओळखले जाणारे निष्ठावंत प्रेक्षक रामचरितमानसाची पोथी हाती घेऊन नेमाने येतात. पुढे काय होणार हे त्यांतील प्रत्येकास पाठ असते. तरीही वनवासाच्या आधी राज्याभिषेक पाहण्याची इच्छा कोणी धरत नाही. क्रम तेथे कुतूहलासाठी नसतो; अनुभव पिकण्यासाठी असतो. या नेमी प्रेक्षकाकडून तिलिस्मी कादंबरीच्या वाचकाने एक गोष्ट शिकावी. रहस्य एकदाच कळते, पण क्रम पुन्हा पुन्हा जगता येतो. ज्याने ‘चंद्रकांता’, ‘संतति’ व ‘भूतनाथ’ या ओळीने वाचन पुरे केले, त्याने पुन्हा संततीकडे यावे. आता त्याला सर्व ठाऊक असते. परंतु हे ज्ञान त्याने योग्य वाटेने मिळविलेले असते. पहिल्या वाचनात ज्या मौनाने त्याला पुढे खेचले, तेच मौन आता त्याला एका अपराधी माणसाची लाज म्हणून ऐकू येते. ‘भूतनाथ’ आधी वाचणाऱ्यास हे दुसरे वाचनच तेवढे मिळते. पहिले त्याच्या वाट्यास कधीच येत नाही, आणि गेलेले अज्ञान परत मिळविण्याचा उपाय कोणत्याही ऐयाराच्या बटव्यात नाही.

प्रकाशक आणि अनुवादक यांच्यावर येणारी जबाबदारी यातून स्पष्ट होते. संपूर्ण मालिका एकत्र काढताना ‘भूतनाथ’ला पहिला खंड करण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे, कारण कालगणना डोळ्यांना व्यवस्थित दिसते. तो मोह टाळला पाहिजे. खंडांवर क्रमांक घालणे हे कारकुनी काम नव्हे. ते समीक्षेचे काम आहे. आणि जो तरुण वाचक एखाद्या परकीय मालिकेविषयी ‘आरंभ कोठून करू’ असे विचारतो, त्याला हसण्यापूर्वी समीक्षकाने एवढे आठवावे की, तो वाचक नकळत कृतीच्या घाटाविषयीच विचारीत आहे. त्याला उत्तर देता येणे ही समीक्षेची साधी परीक्षा आहे. खत्रींच्या बाबतीत काशीच्या विद्वत्तेने ती शंभर वर्षे दिलेली नाही.